फ्यूज बदलण्याआधी

गाडीतला ॲम्प्लिफायर सहसा आपल्या मरणाने मरत नाही. त्याला मारणारा बहुतेक वेळा डब्याच्या बाहेर बसलेला असतो. बॅटरीचा ढिला टर्मिनल, बारीक वायर, रंग न खरवडता मारलेला अर्थ, इंजिन चालू असताना काढलेली बॅटरी, नाहीतर तीस अँपिअरच्या फ्यूजच्या जागी पिळून कोंबलेली तांब्याची तार. जळालेला ट्रान्झिस्टर काढून नवा लावणं हे त्या मानाने सोपं काम आहे. ज्याला सोल्डर मारता येतं त्याला तेही येतं. तो का जळाला हे न शोधता बदलला, तर पंधरा दिवसांत तोच डबा परत काउंटरवर येतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, तुम्ही केलेलंच परत गेलं." त्याचं काही चुकत नाही. पार्ट बदलणं आणि दुरुस्ती करणं यांतला फरक हाच या पुस्तकाचा विषय आहे.

पुस्तक वाशीतून लिहिलं जातंय, याला अर्थ आहे. धाराशिव जिल्ह्याच्या उत्तरेकडचा हा तालुका. सोलापूर-धुळे महामार्ग येरमाळा सोडून तेरखेडा, पारगाव करत चौसाळ्याकडे बीड जिल्ह्यात शिरतो, आणि त्या रस्त्यावर दिवसरात्र गाड्या धावतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखान्यांची धुराडी पेटली की मागे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर सुरू होतात. मडगार्डवर लोखंडी पेटी वेल्ड केलेली, पेटीत बुफर, सीटखाली ॲम्प. शिवाय पिकअप, जुन्या सुमो, ट्रॅक्स, काळ्या-पिवळ्या जीपा. चैत्रात येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा, मग लग्नसराई, पोळा. आवाजाला इथे बारा महिने काम असतं.

मात्र या गाड्यांतली मशिनं मुळात या गाड्यांसाठी बनलेलीच नसतात. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या गाडीच्या डिकीत, गालिच्यावर, एसीच्या थंडाव्यात दहा-बारा वर्षं काढलेला पायोनिअरचा किंवा सोनी एक्सप्लॉडचा डबा जुन्या बाजारातून इकडे येतो आणि ट्रॅक्टरच्या सीटखाली बसतो. ट्रॅक्टरला मागे स्प्रिंग नसते. नांगरटीच्या शेतातलं प्रत्येक ढेकूळ थेट बोर्डाला कळतं. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीस-बेचाळीस डिग्री असतात, तापलेल्या पत्र्याखाली त्याहून कितीतरी जास्त. वरून धूळ, पाचटाचा भुसा, धुताना मारलेला पाण्याचा पाइप. म्हणून कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिहिलेले दोष इथे कमी दिसतात आणि न लिहिलेले जास्त. ही पोकळी भरून काढावी एवढीच या पुस्तकाची उमेद आहे.

आधी थोडं गणित, कारण ते टाळून कुणालाही ही मशिनं कळलेली नाहीत.

बॅटरी बारा व्होल्टची. इंजिन चालू असताना तारेवर साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. स्पीकर चार ओहमचा. एवढ्या भांडवलात साध्या जोडणीतून सहा-साडेसहा वॉटच्या वर स्वच्छ आवाज निघूच शकत नाही. स्पीकरच्या दोन्ही टोकांना उलटसुलट जोर देणारी ब्रिज जोडणी केली, तर कागदावर सव्वीस वॉट होतात आणि हातात अठरा-वीस पडतात. सॅन्योची एलए ४४४० ही चौदा पायांची आयसी आपल्याकडे टेपमध्ये, जीपमध्ये, घरगुती डब्यांत सगळीकडे बसली. तिच्या माहितीपत्रकातही हेच आकडे आहेत. दोन चॅनेलला सहा-सहा वॉट, ब्रिजमध्ये १९. मग डेकच्या तोंडावर "४५ वॉट गुणिले ४" कसं छापतात? आवाज पूर्ण फाटलेला असताना जी ताकद निघते, ती छापतात. खोटं म्हणता येत नाही, खरं म्हणवत नाही.

याहून जास्त हवं असेल तर बारा व्होल्टचे तीस-पस्तीस करावे लागतात, आणि बॅटरीचा सरळ करंट ट्रान्सफॉर्मरमधून जात नाही. तो आधी तोडावा लागतो. ही अडचण फार जुनी आहे. शिकागोच्या गॅल्विन कंपनीने १९३० साली मोटोरोला नावाने गाडीतला रेडिओ विकायला काढला. त्या काळच्या व्हॉल्व्हना शेकड्यांनी व्होल्ट लागत. गाड्यांच्या रेडिओत त्यासाठी पुढे व्हायब्रेटर नावाची डबी रूढ झाली. तिच्या आत एक पोलादी पट्टी सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा थरथरत करंट तोडायची-जोडायची. तिचा घूं घूं असा आवाज गाडीभर ऐकू यायचा आणि तिचे पॉइंट जळत राहायचे. आपल्या डब्यात तेच काम टीएल ४९४ ही सोळा पायांची आयसी करते. ती मॉस्फेटच्या दोन रांगांना आळीपाळीने चालू-बंद करते, सेकंदाला तीस-पन्नास हजार वेळा. करंट तांब्याची जाड तार गुंडाळलेल्या कड्यासारख्या ट्रान्सफॉर्मरमधून जातो, डायोडमधून सरळ होतो आणि अधिक तीस, उणे तीस असे व्होल्ट तयार होतात. एवढ्यावर चार ओहमला खरे नव्वद वॉट मिळतात. पॉइंट जळायचे थांबले, आता मॉस्फेट जळतात.

म्हणजे एका डब्यात दोन मशिनं असतात. एक व्होल्ट वाढवणारं, दुसरं आवाज वाढवणारं. डबा समोर आला की पहिला प्रश्न हा, की दोघांपैकी मेलंय कोण. आणि लगेच दुसरा, की पहिल्याला दुसऱ्याने तर मारलं नाही ना. आवाजाच्या बाजूचा एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की सगळा भार व्होल्ट वाढवणाऱ्या बाजूवर येतो आणि मॉस्फेट जातात. मेकॅनिक जळके मॉस्फेट बघतो, तेवढे बदलतो, करंट देतो आणि नवे मॉस्फेट त्याच्या डोळ्यांदेखत जातात. मधले डायोड उपटून दोन्ही बाजू वेगळ्या केल्या असत्या तर हा खर्च वाचला असता. पहिली चार प्रकरणं जवळजवळ याच एका सवयीवर खर्च केली आहेत. कुणाला ती लांबण वाटेल, पण दुकानात जळणारे निम्मे मॉस्फेट मला तिथेच वाचताना दिसतात.

दुसरी सवय सिरीज बल्बची. जुने रेडिओवाले दोनशेतीस व्होल्टच्या लायनीत घरचा बल्ब सिरीजमध्ये घालून बोर्ड बनवत. बऱ्याच दुकानांत तो अजून भिंतीला असतो. बारा व्होल्टसाठी तसाच बोर्ड इंडिकेटरच्या २१ वॉटच्या बल्बचा करावा. बॅटरीची अधिक वायर बल्बमधून ॲम्पला द्यायची. अशाने कितीही शॉर्ट असला तरी पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जात नाही, म्हणजे जे जिवंत आहे ते जिवंत राहतं. आणि बल्ब बोलतो. रिमोटची वायर, म्हणजे डेककडून ॲम्प चालू करणारी, न लावताच बल्ब पूर्ण पेटला, तर मॉस्फेट शॉर्ट आहेत, किंवा उलट्या बॅटरीपासून वाचवणारा डायोड शॉर्ट झालाय. कुणीतरी कधीतरी लाल-काळी अदलाबदल केली असणार. रिमोट लावल्यावर बल्ब झटक्यात पेटून मंद झाला, तर आतले कपॅसिटर भरले आणि मशीन शांत बसलं, पुढे जायला हरकत नाही. पेटला आणि पेटलेलाच राहिला, तर आवाजाच्या बाजूला बघा. बल्ब शांत, पण व्होल्टही वाढत नाहीत? मग टीएल ४९४ च्या बाराव्या पायावर बॅटरीचे व्होल्ट आहेत का ते मोजा आणि चौदाव्यावर पाच व्होल्ट. बारावर आहेत, चौदावर नाहीत, तर आयसी गेली. ती स्वस्त आहे, बदलून टाका. दोन्हीकडे आहेत तर चौथा पाय बघा. तो वर ओढून ठेवला की आयसी गप्प बसते, आणि प्रोटेक्शनची सगळी मंडळी बहुधा त्याच पायावर दाब धरून असतात.

मॉस्फेट बदलायचे तर रांग पूर्ण बदलावी, एकाच लॉटमधली. गेटचे ४७ किंवा १०० ओहमचे रेझिस्टन्स सोबत बदलावेत. ते दिसायला धड असतात आणि मोजले की उघडे निघतात. त्यांच्या मागचे ड्रायव्हर ट्रान्झिस्टरही मोजून घ्यावेत.

इथे पार्टच्या बाजाराबद्दल बोलणं भाग आहे. लॅमिंग्टन रोड (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग), पुण्यातली बुधवार पेठेची तपकीर गल्ली, हैदराबादचं कोटी, दिल्लीचं लाजपतराय मार्केट. आपल्याकडे जे येतं ते यांपैकी कुठून तरी. सी ५२०० आणि ए १९४३ ही तोशिबाची जोडी इतकी गाजली की तिच्या नकला असलीपेक्षा जास्त फिरतात. नकली ट्रान्झिस्टर मल्टिमीटरवर उत्तम दिसतो, मंद आवाजात चांगला वाजतो, आणि वरातीत बुफरचा पहिला दणका बसला की जातो. कारण आत सिलिकॉनची चकती लहान घातलेली असते. पंधरा अँपिअरचं लेबल, पोटात तीन-चारचा जीव. मेलेला अस्सल ट्रान्झिस्टर फेकू नका. पक्कडीने फोडा, चकतीचा आकार बघून ठेवा, आणि नव्या लॉटमधला एक मुद्दाम फोडून ताडून बघा. एक ट्रान्झिस्टर वाया जातो खरा, पण डझनभर घेतलेल्या मालाचा निकाल तिथल्या तिथे लागतो. दुकानदाराला राग येतो. येऊ द्यावा.

आता म्हातारपणाचे आजार. कुणी काही चूक न करताही हे होतातच.

इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वाळतो. त्याच्यावर ८५ किंवा १०५ डिग्री छापलेलं असतं आणि त्या तापमानाला साधा कपॅसिटर बहुधा दोन हजार तास टिकेल असं बनवणारा सांगतो. दर दहा डिग्री कमी झाले की आयुष्य साधारण दुप्पट. म्हणजे ८५ चा कपॅसिटर ६५ डिग्रीच्या डब्यात आठ हजार तास जगेल, १०५ चा बत्तीस हजार. दोघांच्या किमतीत फरक चहाच्या कपाएवढाही नाही. तरीही दुकानात ८५ चेच ठेवतात, कारण मागणारा विचारत नाही. फुगलेला कपॅसिटर कुणालाही दिसतो. न फुगता वाळलेला दिसत नाही. मॉस्फेट पुन्हा पुन्हा गरम होत असतील आणि कारण सापडत नसेल, तर बॅटरीच्या बाजूचे मोठे कपॅसिटर आधी बदलावेत.

दुसरा आजार डिंकाचा. जुन्या बोर्डांवर मोठे पार्ट हलू नयेत म्हणून कारखान्यात पिवळसर डिंक ओतलेला असतो. वर्षानुवर्षं तापून तो तपकिरी, मग काळपट होतो. कोरा असताना तो करंट अडवतो; काळा झाल्यावर त्यातून करंट झिरपू लागतो आणि जवळच्या पार्टचे पाय हिरवे पडून तुटतात. मशीन थंड असताना वाजतं आणि तापल्यावर खरखरतं किंवा आपोआप प्रोटेक्शनमध्ये जातं, तेव्हा हा डिंक आठवावा. तो पातळ स्क्रू ड्रायव्हरने, सावकाश, तासभर बसून खरवडावा लागतो. पेट्रोलने विरघळत नाही आणि घाई केली तर खालची पट्टी निघून येते. या कामाचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. त्याला बदललेला पार्ट दाखवायला नसतो.

तिसरा आजार हादऱ्याचा. ट्रान्सफॉर्मर, मोठे कपॅसिटर, वायरी कसायचे टर्मिनल, म्हणजे जे जे जड आहे त्याच्या पायाभोवतीचं सोल्डर तडकतं. भिंग लावून तिरप्या उजेडात बघितलं की पायाभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसते. तीच ती. नुसतं वरून तापवून भागत नाही; जुनं सोल्डर ओढून काढून नवं भरावं. जुन्या मशिनांत शिसंमिश्रित सोल्डर असतं, ते १९० डिग्रीच्या आत वितळतं. युरोपात १ जुलै २००६ पासून शिशावर बंधन आलं, तेव्हापासूनच्या बऱ्याच बोर्डांवर बिनशिशाचं सोल्डर आहे. ते २१७ च्या पुढे वितळतं आणि दिसायला मळकट असतं. दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत.

आता डब्याबाहेर येऊ. एक ट्रॅक्टर. बॅटरीपासून ॲम्पपर्यंत तीन मीटर वायर, घरातल्या दिव्याच्या फिटिंगची, एक चौरस मिलिमीटरची. तीन मीटर तांब्याचा रोध ०.०५ ओहम. ऐकायला काहीच नाही. पण ॲम्पने तीस अँपिअर ओढले की त्या वायरीत दीड व्होल्ट खलास, आणि अर्थची वायरही तेवढीच लांब नि तेवढीच बारीक असेल तर आणखी दीड. बारातले तीन व्होल्ट रस्त्यातच गेले. दोन्ही वायरींत मिळून नव्वद वॉटची उष्णता झाली. ॲम्पला नऊ व्होल्ट मिळाले. तो बिचारा वॉट पुरे करायला आणखी अँपिअर ओढतो, वायर आणखी तापते. मालक म्हणतो मशीनमध्ये दम नाही, आणि दुसरं मोठं मशीन आणतो. आठ चौरस मिलिमीटरची वायर टाकली असती तर पहिलंच वाजलं असतं. त्यातही वायर कापून टोक खरवडून बघावं. आत पांढरट चमक दिसली तर वरून तांबं चढवलेलं अॅल्युमिनियम आहे. त्यातून करंट बराच कमी जातो.

ट्रकची गोष्ट वेगळी. तिथे दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, चोवीस व्होल्ट. बारा व्होल्टचा ॲम्प बसवायचा तर सोपी युक्ती म्हणून खालच्या एकाच बॅटरीवर जोडतात. मग ती एकटीच उतरत जाते आणि अल्टरनेटर दोघींना मिळून भरायला जातो, त्यामुळे वरची उकळते. वर्षभरात दोन्ही जातात. बॅटरीवाला कंपनीला शिव्या देतो. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर लावणं हाच सरळ मार्ग आहे.

आणि ती जुनी खोड. एका बॅटरीवर ट्रॅक्टर चालू करायचा, मग इंजिन चालू ठेवूनच टर्मिनल काढून बॅटरी दुसऱ्या गाडीला लावायची. बॅटरी जोडलेली असेपर्यंत ती अल्टरनेटरच्या उसळ्या गिळते. ती काढली त्या क्षणी तारेवर चाळीस व्होल्टच्या वर उसळी येते. ॲम्प त्या वेळी चालू असेल तर त्याच्या कपॅसिटरवर १६ किंवा २५ व्होल्ट छापलेलं असतं, याची आठवण करून द्यायला कुणी उरत नाही.

आवाजाबद्दलही लिहायला हवं, कारण दुरुस्ती करणारा त्यातून सुटत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी घातली, आणि वस्तीतली मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल ठरवली. मडगार्डवर चार टॉप लावलेला ट्रॅक्टर ती कुठल्या कुठे मागे टाकतो. रात्रभर ऊस वाहणाऱ्या ड्रायव्हरला जागं राहायला गाणं लागतं, हे मला मान्य आहे. मागच्या एसटीचा हॉर्न ऐकू येणार नाही इतकं लागतं, हे नाही. मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसताना तर मुळीच नाही. बरं, इतका आवाज मशीनलाही झेपत नाही. गेनचं बटण म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. डेकमधून येणारा सिग्नल किती मोठा आहे हे ॲम्पला सांगण्यासाठी ते असतं. ते पूर्ण फिरवलं की आवाज वाढत नाही, फाटतो. ट्विटर जळतात, ट्रान्झिस्टर तापतात. पन्नास वॉटचा चॅनेल आणि चार ओहमचा स्पीकर असेल, तर पन्नास हर्ट्झचा सूर वाजवून स्पीकरच्या टोकांवर चौदा व्होल्ट दिसेपर्यंतच गेन फिरवावा आणि त्यावर रंगाचा ठिपका द्यावा. हे सहाव्या प्रकरणात चित्रासकट दिलं आहे. प्रत्येक दुरुस्त मशीन असा ठिपका देऊनच दुकानाबाहेर जावं असं माझं मत आहे.

या पुस्तकात काय नाही, तेही सांगतो. अलीकडचे क्लास-डीचे लहान डबे नाहीत. त्यांचे पार्ट तांदळाच्या कणीएवढे, बऱ्याच आयसींवरचे नंबर पुसलेले, आणि सर्किट कुठे मिळत नाही. तिथे बोर्ड बदलतात, दुरुस्ती क्वचितच करतात. बाजारात सुट्या मिळणाऱ्या किटच्या बोर्डांवरही प्रकरण नाही. स्पीकरचे डबे बनवणं हा वेगळा विषय आहे, आणि तो सुतारकामाकडून शिकावा.

शिवाय काही जुनी मशिनं दुरुस्त करू नयेत. मॉस्फेटखालचा बोर्ड जळून कोळसा झाला असेल तर तो कोळसाच करंट नेतो; तो भाग कापून काढून तारांनी जोडता येत असेल तर ठीक, नाहीतर हात लावू नये. ट्रान्सफॉर्मरची वार्निश जळून वेटोळी एकमेकांना चिकटली असतील, तर तो पुन्हा गुंडाळता येतो, पण मजुरीत दुसरं जुनं मशीन येतं. अशा वेळी गिऱ्हाइकाला डबा उघडून दाखवावा, उघडून तपासल्याचे पैसे घ्यावेत, आणि काढलेले स्क्रू, पत्रे, पार्ट पिशवीत घालून डब्यासोबत परत द्यावेत. उद्या त्याला दुसरं तसंच मशीन मिळालं, तर यातलं बरंच काही त्याला लागेल.